पाण्याची रेघ

"मान हलवू नकोस. समोर बघ," असं म्हणून आईनं जेवणाचा ट्रे उलटा करून भिंतीला धरला आणि त्याच्या कडेनं काळ्या मार्करची आडवी रेघ मारली. नेमकी लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर. शेवटाला जहाज डोललं, मार्कर घसरला आणि रेघेला खाली एक शेपूट फुटलं.

"भिंतीवर लिहिलेलं चालतं इथं?" लेकीनं विचारलं. नऊ वर्षांची होती, शाळेत भिंतीवर लिहिल्याबद्दल एकदा मार खाल्लेली.

"नाही चालत."

"मग?"

"मग काय, नंतर टॉवेल लटकवू वर. तू बघ तिच्याकडं."

केबिन म्हणजे एकावर एक दोन बंक, पत्र्याचं कपाट आणि मध्ये एका माणसाला वळता येईल एवढी जागा. सगळ्यांत खालचा मजला आणि जहाजाचं अगदी पुढचं टोक. खिडकी नाही. लाट आली की भिंतीच्या पलीकडं कुणीतरी ओलं पोतं आपटल्यासारखा आवाज यायचा. सकाळपासून वारा वाढत चालला होता आणि आत्ताच स्पीकरवरून हाक आली होती, लहान मुलांच्या हॉलवर कामाला असलेल्या सगळ्यांनी ताबडतोब वर या. आईच्या हातात दहा मिनिटं होती. त्यातली चार रेघेत गेली.

"आता नीट ऐक, बबडे. ही पाण्याची रेघ. लांब समुद्रावर आकाश टेकतं ना, ती. डोळ्यांपुढं हात असा आडवा धरायचा. रेघ हाताच्या वर गेली की 'वर' म्हणायचं, खाली गेली की 'खाली'. नजर काढायची नाही. मग पोटात काही होत नाही."

"कुणाला म्हणायचं, 'वर'?"

आईनं मार्करला टोपण लावलं. "मनात म्हणायचं."

"आणि उलटी आलीच तर?"

"नाही येत. माझी लेक आहेस, तुला कशी बोट लागेल? आलीच तर ही पिशवी. पण बेल दाबायची नाही, दार उघडायचं नाही. डॉक्टरला कळलं की लिहून घेतात, आणि लिहिलं की पुढच्या बंदराला उतरवतात. उतरायचंय तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

आलं चिरून आणलं होतं, त्याची चकती तिनं लेकीच्या गालात ठेवली. दोन कोरडी बिस्किटं उशाशी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

जहाजावर तिला रेघमावशी म्हणत. अकरा वर्षं ती मुलांच्या हॉलवर होती. हा हॉल मधल्या मजल्यावर, जहाजाच्या बरोबर पोटात, जिथं डोलणं सगळ्यांत कमी. तिथं 'उलटी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही असा नियम होता, कारण एका पोरानं तो ऐकला की दहा पोरांना ती येते. 'पाहुणे आले' म्हणायचं. पाहुणे येऊ नयेत यासाठी मावशीची ख्याती होती. फिरायला निघालेले आईबाप पोरांना गळ्यापर्यंत खायला घालत, हातात फोन देत आणि पोर पांढरं पडलं की हॉलवाल्यांच्या अंगावर ओरडत. मावशी आधी फोन काढून घ्यायची, रंगवायची पुस्तकंसुद्धा. सेंट मारलेल्या आयांना दाराबाहेर काढायची, हे फक्त तीच करू शके. पोरांना काचेजवळ ओळीनं बसवायची, तोंडावर गार वारा येईल असं, बिस्किटाचा तुकडा आणि घोटघोट पाणी द्यायची. मग तळहात काचेवर आडवे टेकवायला लावून म्हणायची, रेघ धरा. पोरं लांबच्या पाण्याच्या रेघेकडं बघत 'वर, खाली, वर' ओरडत राहायची आणि पोटाला विसरायची.

एका जुन्या डॉक्टरानं तिला यातलं कारण सांगितलं होतं. कानाच्या आत तोल सांभाळणारं काहीतरी असतं. त्याला डोलणं कळतं. डोळ्यांनाही तेच डोलणं दिसलं तर ठीक. कान म्हणतो हलतंय आणि डोळा म्हणतो काही हलत नाही, असं झालं की पोट उलटतं. म्हणून बाहेरची रेघ. केबिनची भिंत जहाजाबरोबरच डोलते, तिच्यावरची रेघ जन्मात वरखाली व्हायची नाही. तिच्याकडं बघत बसणं हे फोनकडं बघण्याइतकंच वाईट. हे त्या जहाजावर रेघमावशीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिनं रेघ मारली. रिकाम्या हातानं लेकीला सोडून दार ओढवेना, म्हणून मारली.

दहा वर्षं भरली की कर्मचाऱ्याला एक पास मिळे. घरचं एक माणूस, चार दिवस. लेक पाच महिन्यांची असताना ती तिला मामीकडं ठेवून जहाजावर परत आली होती. लेक मामीला 'ममा' म्हणायची आणि हिला, थोडं थांबून, 'आई'. या चार दिवसांत काही तक्रार झाली नाही तर शाळेच्या दर सुट्टीत पास देऊ, असं वरच्यांनी सांगितलं होतं. म्हणजे वर्षातून दोनदा. वर्षातून दोनदा आई व्हायला मिळणार होतं. पहिले दोन दिवस समुद्र तेलासारखा होता. ड्यूटी संपली की दोघी एका बंकमध्ये चिकटून झोपत. वरच्या बंकमधली लाँड्रीवाली चेष्टेनं म्हणायची, "अगं, पोरीला श्वास तरी घेऊ दे." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीनं न थांबता 'आई' म्हटलं होतं. आज तिसरा दिवस.

हॉलमध्ये तेवीस पोरं जमली होती. हॉलच्या मॅडम दाराशीच उभ्या होत्या.

"मॅडम, माझी मुलगी खाली एकटी आहे. इथं कोपऱ्यात बसवू का? कुणाला त्रास नाही देणार ती."

"पास वाचलास?"

"वाचलाय."

"काय लिहिलंय? म्हण बघू."

दोन नव्या मुली बिस्किटांचे डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मावशीनं म्हटलं, "कर्मचाऱ्यांच्या पाहुण्यांनी प्रवाशांच्या जागेत येऊ नये."

"पुढं?"

"पाहुणा आजारी पडल्यास पुढील बंदरावर उतरवण्यात येईल."

"बघ, पाठ आहे की. समजूतदार आहेस तू." मॅडमनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "आणि खाली काय वाघ आहे का? बसेल दाराआड. जा, पोरं पांढरी पडायला लागलीत."

मावशीनं पोरांना बसवलं. एक बाई आपल्या लेकीला ढकलत पुढं आली. "हिला खिडकीजवळ घ्या. त्या मुलाला सरकवा तिकडं." एक बाप म्हणाला, "मळमळलं तर तुमची जबाबदारी हं, मावशी." ती सगळ्यांना 'हो' म्हणाली. या जहाजावर दोन जातींची पोरं होती. एकाला मळमळलं की धावाधाव व्हायची, दुसऱ्याला मळमळलं की चौकशी.

गोळ्यांचा डबा तिच्याच ताब्यात असे. पिवळ्या, चघळायच्या गोळ्या, पोट ढवळायच्या तासभर आधी द्यायच्या. वहीत पालकाची सही आणि खोलीचा नंबर लिहायचा. तिनं एक गोळी मुठीत घेतली. आता दिली तरी उशीर झाला होता, पण न देण्यापेक्षा बरी. मग तिच्या डोळ्यांपुढं संध्याकाळी डबा मोजणाऱ्या मॅडम आल्या. मूठ घामेजली होती, गोळी चिकट झाली होती. तिनं ती परत डब्यात टाकली आणि हात एप्रनला पुसला.

लाटा मोठ्या झाल्या. काचेवर तेवीस तळहात टेकले. "वर! खाली! वर!"

तिच्याजवळ एक सहा वर्षांचा टकलू मुलगा बसला होता. सुट्टीसाठी डोकं भादरलेलं. तो म्हणाला, "मावशी, तुला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे."

"तिला बोट लागते?"

"नाही लागत."

"कशी काय?"

"तिला रेघ धरता येते. तू तुझी धर. बघ, खाली गेली."

सहा तास वारा चालला. वरच्या मजल्यांवर मोठी माणसं पिशव्या तोंडाला लावून बसली होती, एका वेटरचं डोकं दारावर आपटून फुटलं. हॉलमध्ये एकही पाहुणा आला नाही. मॅडमनी फळ्यावर हातभर मोठं शून्य काढलं. आईबाप आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शून्याखाली मावशीला उभं करून फोटो काढला. "हसा की मावशी," ढकलणारी बाई म्हणाली. ती हसली. मग जिने उतरत, पडत, रेलिंगला गुडघे आपटत खाली पळाली.

दार उघडलं तर साबणाचा वास आला. लेक बंकवर ताठ बसली होती, हात डोळ्यांपुढं आडवा. दुसऱ्या हातानं तिनं उजवा हात कोपरातून उचलून धरला होता, कारण तो आता आपणहून राहत नव्हता. ओठ कागदासारखे. पायाशी पिशवी होती, भरलेली, वरून नीट गाठ मारलेली. तिच्या शेजारी उशीचा अभ्रा, त्यालाही गाठ. त्याच्या शेजारी आईनं घेतलेला नवा फ्रॉक, पुरचुंडीसारखा बांधलेला. फरशी तिनं स्वतःच्या टॉवेलनं पुसून घेतली होती.

"बेल नाही दाबली मी," लेक म्हणाली.

"बबडे..."

"आई, ती हललीच नाही गं."

"काय?"

"रेघ. तू म्हणालीस वर जाईल, खाली जाईल. मी किती बघितलं. सगळं हलत होतं, रेघच हलत नव्हती." तिनं नजर अजून भिंतीवरून काढली नव्हती. "मला नीट धरता नाही आली का?"

आता खरं सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आई म्हणाली, "चुकलं असेल कुठंतरी." कुणाचं, ते म्हणाली नाही.

तिनं चमच्यानं पाणी पाजलं, ते गेलं तसं परत आलं. तिसऱ्या चमच्याला लेकीचे डोळे वर फिरले आणि मान आईच्या कोपरात पडली. आईनं तिला उचललं. दारात क्षणभर थांबली, आणि मग प्रवाशांच्या लिफ्टनं, सगळ्यांच्या देखत, डॉक्टरच्या खोलीत गेली.

"किती वेळ चाललंय?" डॉक्टरनी सलाइनची सुई लावत विचारलं.

"सहा तास."

"केबिनमध्ये बेल नाही का?"

"आहे."

डॉक्टरनी मान वर करून पाहिलं. "तू रेघमावशी ना?"

तिनं हो म्हटलं. डॉक्टरनी फॉर्म ओढला आणि लिहायला लागले.

मॅडम आल्या, खाटेच्या पायाशी उभ्या राहिल्या. पोरीकडं त्यांनी एकदा पाहिलं. "उद्या सकाळी बंदर आहे. ऑफिसची बाई येईल धक्क्यावर, ती बसमध्ये बसवून देईल. तुझ्या वहिनीला कळवलंय."

"मॅडम, पास..."

"पासचं आता काय विचारतेस?" मग जरा मऊ आवाजात, "आजच्या शून्याची काळजी करू नको. कर्मचाऱ्यांची पोरं त्यात धरत नाहीत. आणि ते भिंतीवर काय काढलंयस, ते पुसून घे. तपासणी आहे."

स्पिरिटनं घासून रेघ फिकी झाली, गेली नाही. लाँड्रीवाली वरच्या बंकवरून बघत होती. शेवटी तिनं स्वतःचा टॉवेल खाली टाकला. "लटकव तो. पुरे झालं आता."

सकाळी समुद्र पुन्हा तेलासारखा होता. धक्क्यावर ऑफिसची बाई फोनवर बोलत उभी होती. बोलणं न थांबवता तिनं पोरीची बॅग हातात घेतली. आई उकिडवी बसली.

"जमिनीवर उतरलीस तरी थोडा वेळ डोलल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही. हलतंय त्याच्याकडं बघायचं नाही. लांबचं, न हलणारं काहीतरी बघायचं. कळलं?"

"हो."

"मग बरं वाटेल."

"हो." लेक थोडं थांबली आणि म्हणाली, "आई, मी पुढच्या वेळी नीट धरीन."

वरून भोंगा झाला. मावशीला हॉलमध्ये जावं लागलं. जहाज सुटताना पोरं काचेला चिकटून धक्क्यावरच्या माणसांना हात करत होती. धक्क्यावरची माणसंही हात करत होती, हमाल, दोरवाले, ऑफिसची ती बाईसुद्धा, फोन कानाला लावून.

"मावशी," टकलू म्हणाला, "ती मुलगी बघ. सगळे टाटा करतायत आणि ती आपल्याकडं पाठ करून बसलीये."

बॅगेवर बसली होती. जहाजाकडं पाठ, मान ताठ. समोर लांब गोदामांची छपरं होती, सरळ, एका ओळीत. त्यांच्याकडं तोंड करून तिनं हात डोळ्यांपुढं आडवा धरला होता.

"रागावलीये का ती?"

"नाही. तिला सांगितलंय, हलतंय त्याच्याकडं बघायचं नाही."

"काय हलतंय?"

"आपण."

"मावशी, सुरू कर," मॅडम मागून म्हणाल्या. "बंदराबाहेर वारा आहे आज."

"हं, हात वर," मावशी म्हणाली. "रेघ धरा."

काचेवर तेवीस तळहात टेकले. तिनंही आपला टेकला. धक्का सरकत सरकत त्याच्यामागं गेला, बॅगेसकट, आणि बराच वेळ तिनं हात काढला नाही. काढला तेव्हा काचेवर पाचही बोटं उमटली होती आणि पलीकडं नुसतं पाणी होतं.