जाड तेल

कपड्यांच्या कारखान्यात ती तिसऱ्या रांगेची सुपरवायझर होती. रांगेत बेचाळीस शिलाई मशिनं. सगळी एकदम धडधडायला लागली की नव्या माणसाला शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. ही मात्र दहा पावलांवरून मान वळवायची आणि म्हणायची, "चौदा नंबर थांबवा, सुई तुटणार." जाऊन पाहावं तर सुई खरंच वाकलेली असायची. कारखान्यात तिला सगळे तिखटकान म्हणत.

असल्या कानाच्या बाईने आयुष्यात एकदाच कानाडोळा केला आणि तो फार महागात पडला.

मागच्या हिवाळ्यात त्यांची जुनी मोटार आठवडाभर चढावर बारीक शिट्टी मारत होती. तिने ऐकलं, पण बोलली नाही. बोलली असती तर नवरा म्हणाला असता, "तुला काय, भिंतीतसुद्धा आवाज ऐकू येतात." आठव्या दिवशी दुपारी सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला, आणि त्यांना इस्पितळात नेणारी मोटार मोठ्या पुलाच्या मधोमध बंद पडली ती पडलीच. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. सासरे वाचले, पण चाकांच्या खुर्चीत बसले आणि त्यांची वाचा गेली. "थोडं आधी आणलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले होते. ते अर्धं वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. तेव्हापासून बस सिग्नलला थांबून इंजिन शांत झालं तरी तिचे तळहात ओले व्हायचे. शिट्टीचं मात्र तिने कुणाला, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आता सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा डोंगरापलीकडच्या इस्पितळात न्यायचं होतं. खुर्चीसकट आत जाता येईल अशी सरकत्या दाराची व्हॅन हवी होती. नवी झेपणारी नव्हती. महिनाभर जाहिराती चाळल्यावर नवऱ्याला एक सापडली: आठ जण बसतील अशी, एकाच मालकाने वापरलेली. रविवारी सकाळी तिघंही बघायला गेले. खुर्ची बसते का ते पाहायचं, म्हणून बाबांना टॅक्सीत घालून सोबत नेलं.

मालक पोहण्याचे निवृत्त प्रशिक्षक होते. उंच, भरदार खांद्यांचे, हसरे. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी बाबांच्या गुडघ्यावरची शाल स्वतःच्या हाताने सारखी केली, हिला वहिनी म्हटलं आणि गॅरेजचं दार वर सरकवलं. व्हॅन लखलखत होती.

नवरा ग्रंथपाल. कुठलीही गोष्ट पुस्तकात पाहिल्याशिवाय करायची नाही, हा त्याचा बाणा. वापरलेली गाडी कशी पारखावी याची त्याने वहीत यादीच उतरवून आणली होती. त्याने बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. म्हणजे आधीच चालू करून ठेवलेली नाही. किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरला, निळा धूर नाही, काळा नाही. ऑइलच्या टोपणाखाली साय धरलेली नाही, म्हणजे इंजिनात पाणी शिरत नाही. एकेका ओळीवर बरोबरची खूण करताना त्याचा चेहरा खुलत चालला होता.

"पुस्तकी परीक्षा पास!" सर हसून म्हणाले. "वहिनी, तुम्ही काही विचारत नाही?"

ती इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून बघत होती. तेल नवं होतं, सोनेरी. पण ते पट्टीवरून ओघळत नव्हतं, मधासारखं चिकटून बसलं होतं. कारखान्यातला म्हातारा फिटर म्हणायचा, "मशिनला जाड तेल पाजलं की त्याचं बोलणं थांबतं बाई, दुखणं थांबत नाही."

"तेल कधी बदललंत?"

"परवाच. देताना माणसाने स्वच्छ द्यावं."

उत्तर चांगलं होतं. तिने पट्टी पुसून परत घातली. नवऱ्याने पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा तिने डॅशबोर्डकडे पाहिलं. बॅटरीचा दिवा लागला, ब्रेकचा लागला. तेलाचा इशारा देणारं बुधलीचं चित्र मात्र अंधारातच राहिलं. ते सगळ्याच गाड्यांत असतं ना? की काहींत नसतं? तिला खात्री नव्हती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं आपलं झालंय, असं तिने स्वतःला समजावलं.

"चला, एक चक्कर मारू," सर म्हणाले. "बोगद्यातून पलीकडे जाऊन येऊ. चढावर कळेल पिकअप काय आहे ते."

बाबांची खुर्ची सोबत आणलेल्या फळीवरून आत चढवली, चार पट्ट्यांनी व्हॅनच्या तळाला जखडली. ती त्यांच्या शेजारी बसली. नवऱ्याने स्टिअरिंग धरलं, सर त्याच्या बाजूला.

पहिली दहा मिनिटं व्हॅन लोण्यासारखी चालली. नवरा आरशातून तिच्याकडे बघून हसला. ती हसली नाही. ती ऐकत होती. शहर संपलं, चढ सुरू झाला, इंजिन तापत गेलं, आणि तापत गेलं तसा पायांखालून तो आवाज वर आला.

टक. टक. टक.

बंद दारावर कुणी एका बोटाने वाजवावं तसा. नवऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला की जोरात, सोडला की हळू. सरांचा हात सहज पुढे गेला आणि त्यांनी रेडिओ लावला.

"रेडिओ बंद करा," ती म्हणाली.

"वहिनी, स्पीकर तर ऐका..."

"बंद करा!"

तेवढ्यात बोगद्याचं तोंड आलं आणि गाडी आत शिरली. पिवळे दिवे एकामागून एक अंगावर येऊ लागले. दोन्ही बाजूंना भिंत, मागे एका ट्रकचे दिवे. भिंतींवर आपटून आवाज दुप्पट झाला. आता तो टक राहिला नव्हता, ठक झाला होता. जळक्या तेलाचा वास तिच्या नाकात गेला. डोळ्यांपुढे पूल आला, बाबांच्या तोंडातून गळणारी लाळ आली.

"अहो, गाडी थांबवा."

"अगं, बोगद्यात कुठे थांबवू? दोन मिनिटांत बाहेर पडतो."

"दोन मिनिटं नाही चालणार ती."

"वहिनी घाबरट आहेत जरा," सर नवऱ्याला म्हणाले. "बायकांना बोगद्यात होतं असं."

ठक. ठक. ठक. ती पुढे वाकली, नवऱ्याच्या खांद्याला धरलं, आणि वर्षभर कुणाला न सांगितलेलं भडाभडा बोलून गेली. "मागच्या गाडीचा आवाज मी ऐकला होता. आठवडाभर. चढावर शिट्टी वाजायची. मी बोलले नाही म्हणून बाबांचं असं झालं. आता बोलतेय. पाया पडते तुमच्या, थांबवा."

आरशात नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. पुढे भिंतीत अडचणीच्या वेळी थांबायची जागा दिसली, तिकडे त्याने गाडी वळवली. मागचा ट्रक कानठळ्या बसवणारा हॉर्न देत घासून गेला.

त्या जागी भिंतीत हिरवं दार होतं. आत लहानशी खोली, टेलिफोन, काचेमागे लाल बटण. तिने पट्ट्या सोडल्या. दोघांनी मिळून बाबांना खाली उतरवलं आणि खुर्ची खोलीत ढकलली. सरांचं हसू मावळलं होतं.

"हा काय पोरखेळ लावलाय? लोकांत शोभा करता माझी? ठणठणीत गाडी आहे!"

"सर, तेलाचा वास येतोय," नवरा म्हणाला. "आपण फोन करू, ओढून न्यायला सांगू."

"माझी गाडी ओढून? थांबा इथेच. पलीकडच्या तोंडाला जाऊन वळून येतो. मग बघतो तोंड कुठे लपवता ते!"

ती मधे गेली, हात जोडले, "नका जाऊ हो," म्हणाली. सरांनी दार आपटलं. व्हॅन वेगाने निघाली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

बोगद्यात आवाजांचा नुसता गोंगाट होता. वरचे पंखे, टायर, हॉर्न. नवऱ्याला त्यात काही वेगळं कळणं शक्यच नव्हतं. तिला मात्र तो ठोका लांब लांब जाताना ऐकू येत होता. मग एक जड दणका, लोखंडावर लोखंड बसल्यासारखा. आणि नंतर ठोका नाही.

"बंद पडली," ती म्हणाली. "वळणापलीकडे. रस्त्यातच."

"की बाहेर पडली असेल?"

तिने लाल बटणाकडे पाहिलं. ते दाबलं की सगळा बोगदा बंद होणार. दोन्ही तोंडांशी गाड्यांच्या रांगा, पोलीस, चौकशी. आणि सर हसत परत आले तर?

"खात्री आहे तुझी?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि कोपराने काच फोडून बटण दाबलं.

छतावरचे दिवे लाल झाले. तिने फोन उचलला, पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला, कुठे, काय, किती माणसं. ती सांगत असतानाच दारासमोरून एक टँकर गेला, बोगदा बंद व्हायच्या आधीच आत शिरलेला. त्याच्या मागच्या बाजूला पेट घेणाऱ्या मालाची खूण होती. टँकर वळणाआड गेला. ब्रेकची किंकाळी उठली, लांबच लांब, संपेचना. तिने रिसीव्हर छातीशी धरला. बाबांनी चालत्या उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं होतं, नखं रुतेपर्यंत. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. तिघंही धडकेची वाट बघत होते.

धडक झाली नाही. टँकर व्हॅनपासून वीतभर अंतरावर थांबला होता. वर लाल दिवे पेटल्याबरोबर आपण वेग कमी करून ब्रेकवर पाय तयार ठेवला होता, असं त्याच्या चालकाने नंतर सांगितलं. नाहीतर वळणाआडची व्हॅन दिसेपर्यंत उशीर झाला असता. व्हॅनच्या पोटातून तेल रस्त्यावर पसरलं होतं, आणि सर आत बसून किल्ली फिरवत होते, फिरवतच होते. बोगद्याच्या माणसांनी त्यांना काखेत धरून बाहेर काढलं.

बोगद्याच्या कचेरीत त्यांना पुन्हा पाहिलं तेव्हा ते भरदार खांदे कोटात हरवल्यासारखे वाटत होते.

"मिस्त्रीने सांगितलं होतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बेअरिंग गेलंय, इंजिन उघडावं लागेल. मी म्हटलं, जाड तेल घाल. थोडे दिवस तरी चालेल म्हणाला."

"आणि तेलाचा दिवा?" तिने विचारलं.

"सारखा पेटायला लागला होता. बल्ब मीच काढला."

नवरा आयुष्यात कुणावर ओरडला नव्हता. तेव्हाही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "माझे वडील मागे पट्ट्यांनी बांधलेले होते." सरांनी मान वर केली नाही. जबाब लिहून घेणाऱ्या पोलिसाने नवऱ्याचं तेवढं वाक्य पुन्हा एकदा विचारून नीट लिहून घेतलं.

घरी आल्यावर दोन दिवस नवरा तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती समजायचं ते समजली. जे झालं त्याला माफी नसते, असं मनाशी धरून स्वयंपाक करत राहिली, कारखान्यात जात राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाबांचे कपडे घडी करत होती. तो येऊन दाराला टेकला.

"ती शिट्टी," तो म्हणाला, "मलाही ऐकू यायची."

तिच्या हातातला सदरा तसाच राहिला.

"मला वाटलं, काही असतं तर तू बोलली असतीस. तुझ्यासारखा कान गप्प आहे म्हणजे काही नाही. म्हणून मीही..." ती उठली नाही. त्याला तिथेच कॉटवर बसायला जागा केली, आणि घडी करायचे अर्धे कपडे त्याच्याकडे सरकवले. पलीकडच्या खोलीत बाबा घोरत होते.

दीड महिन्याने त्यांनी दुसरी व्हॅन घेतली, एका फुलवालीची. रंग उडालेला, मागचं दार दोन धक्के दिल्याशिवाय लागायचं नाही. फुलवालीने दाराचं आधीच सांगितलं, आणि इंजिन कुठल्याही मिस्त्रीकडे न्या म्हणाली. त्यांनी दोघा मिस्त्र्यांना दाखवलं. दोघंही म्हणाले, तोंडावर जाऊ नका, पोट चांगलं आहे.

इस्पितळाच्या पहिल्या फेरीला नवऱ्याने किल्ली तिच्यापुढे धरली. "तूच चालव."

तिने चालवली. ती बोगद्यात शिरली. इंजिन कुरकुर न करता चाललं होतं, तरी प्रत्येक दिव्यागणिक तिला वाटत होतं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. पलीकडे ऊन होतं. इस्पितळाच्या आवारात तिने हँडब्रेक ओढला आणि मग तिच्या लक्षात आलं, की स्टिअरिंगवरची आपली बोटं सुटतच नाहीत. नवऱ्याने बाबांना खाली उतरवून आत नेईपर्यंत ती तशीच बसून होती. मग एकेक बोट सोडवत उतरली.