पुतळ्यातला कापूस

माझ्या बहिणीच्या लेकीला आम्ही ढमी म्हणतो. तिच्या लाडक्या मालिकेतली काळी राणी मेली तेव्हा या बयेने घरात दुःखद घटना घडली म्हणून ऑफिसातून रजा काढली. पुढच्याच भागात राणी जिवंत. अशी ती राणी तीनदा मेली आणि ढमीने तीनदा डोळे सुजवून घेतले.

आता राणीच्या चाहत्यांचा मेळावा होता आणि ढमीला राणीचा झगा हवा होता. शिवणार कोण, तर मी. जन्मभर बायकांचे कपडेच शिवतेय. मागच्या मेळाव्यातल्या तिच्या फोटोखाली कुणा मेल्याने लिहिलं होतं, 'राणी कुठाय? हे तर सिंहासन.' ते तिने मनाला लावून घेतलं. कमरेत चार इंच कमीच शिव, मी बारीक होते, म्हणाली. मी म्हटलं, कापड अंगासाठी असतं, अंग कापडासाठी नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

माझी पद्धत अशी, की गिऱ्हाइकाच्या मापाइतका कापूस कापडी पुतळ्यात भरायचा आणि कपडा त्याच्यावर बेतायचा. ढमीचा पुतळा मी हुबेहूब केला होता. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात या कार्टीने त्याच्या कमरेतून मुठीमुठीने कापूस उपसला. दोन धपाटे घालावेसे वाटले, पण शेवटी हात टेकले आणि तशाच पुतळ्यावर झगा शिवला. कापूस फुकट कशाला घालवा, म्हणून टाचण्यांच्या उशीत भरला. ती जुनी होऊन चपटली होतीच.

ढमी आली आणि झगा तिला अलगद बसला. मी दोनदा टेप लावली. कंबर खरंच चार इंच कमी भरली. तिचा रंग उडाला होता, हात गार पडले होते, आणि ती आरशापुढून हलत नव्हती.

मी झग्याची खालची पट्टी टाचायला बसले. उशीत टाचणी खुपसली की ढमी कळवळायची. कुशीत काहीतरी टोचतंय म्हणाली. झग्यात टाचणी राहिली का बघितलं, नव्हती. उशीतली एक उपटली, तर तिने श्वास सोडला. हळूच परत खुपसली. तिने कुशीवर हात दाबला.

तिच्या पुतळ्यातला कापूस त्याच उशीत होता. तिला सारं सांगितलं. ती आरशातच बघत म्हणाली, "टोचू दे. दिसते कशी बघ ना, मावशी."

ते ऐकून मी जास्त घाबरले. टाचण्या काढल्या, उशी फाडली, कापूस पुतळ्यात भरायला लागले. तिने माझा हात धरला. सगळे हसतील म्हणाली.

"हसू देत मेले. तुझी राणी तीनदा मेली, तीनदा परत आली. तू गेलीस तर मी कुठून आणू?"

तिने हात सोडला. शेवटची मूठ तिने स्वतः भरली, मग बसून रडली. हळूहळू गालांवर रंग आला. मी झगा उसवून, बाजूंना पट्ट्या घालून तिच्या मापाचा केला. मेळाव्यात शिरताच ती म्हणाली म्हणे, सिंहासन आलंय, राण्यांनी रांगेत यावं. सगळा हॉल हसला, आणि सगळ्यात मोठ्याने ती.

गिऱ्हाईक बदललं की पुतळा मोकळा करायचा असतो. हा मी केला नाही. नवीन आणला, हा चादर पांघरून कोपऱ्यात उभा आहे. परवा फोनवर ढमीचा आवाज थकलेला वाटला, म्हणून दार लावून त्याच्या कमरेत मूठभर नवा कापूस सारला.

काल तिचा फोन आला. झगा जरा घट्ट होतोय गं, म्हणाली.

आण, म्हटलं, उसवून देते.