रूबेनची नाडी

डॉक्टरांनी वही दोन बोटांनी उघडली आणि रूथ अष्टमकरची तळपायाची आग मस्तकात गेली. रोह्याहून पहिली गाडी धरून ती पेणला, रामवाडीतल्या या दवाखान्यात आली होती, ते काय ही दोन बोटं बघायला?

तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई ती. धाकटा भाऊ रूबेन शेजारीच बसला होता. त्याला चढ-उताराचा आजार. कधी महिना महिना अंथरूण धरायचा, कधी असा उधळायचा की सारं गाव त्याला अपुरं. त्र्याण्णव साली असाच उधळला, तेव्हा अष्टमीच्या पुलावर शेजाऱ्यांनीच त्याला दोरीनं आवळून जीपमध्ये घातला. रूथनं ते डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून गेली दोन वर्षं रोज सकाळी, तो अंथरुणातून उठायच्या आत, ती त्याचं मनगट धरून मिनिटभर नाडी मोजत आली; आकडे या वहीत. एरवी बहात्तर. आकडा चढत चढत नव्वदच्या वर गेला की आठवड्याच्या आत उधळण ठरलेली. तीनदा असं झालं, तिन्ही वेळा वहीनं आधीच सांगितलं होतं.

या आठवड्यात ब्याऐंशी, सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव, चौऱ्याण्णव. दोरी निघायच्या आत गोळी वाढवा, एवढंच तिचं मागणं.

"नाडी चहानंही वाढते, बाई. हा तर तुमच्यापेक्षा शांत दिसतोय," डॉक्टर पानं उलटत म्हणाले. "आणि हे काय? दर शनिवारी याची नाडी बंद पडते?"

कंपाउंडर सखा फिदीफिदी हसला.

"आम्ही यहुदी. शनिवारी आमचा शब्बाथ, विसाव्याचा वार. आम्ही लेखणी उचलत नाय. मोजते, पण लिवत नाय."

"मग रविवारी लिहायचं."

"रविवारी लिवलं तर देवाला फसवल्यासारखं व्हतं. शनिवारचे आकडे डोक्यात हायत. सांगू?"

हट्टीपणाच म्हणा. पण तिनं मागचे आठ शनिवार घडाघडा म्हणून दाखवले. डॉक्टरांनी वही मिटली. "अर्धवट कागदावर मी औषध वाढवत नाही. बिघडला की घेऊन या."

बिघडला की! म्हणजे याला पुन्हा भर रस्त्यात बांधायचं, पोरंसोरं जमवायची, मग हे साहेब औषध लिहिणार.

तेवढ्यात रूबेननं बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. मनगटाभोवती दोरीचा काळा वण होता.

"ताई रोज मोजते त्याची मला चीड येते, डॉक्टर. दोरीची त्याहून जास्त येते. आता तुम्हीच मोजा."

वणावरच बोटं ठेवावी लागली. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले. रूथनं रूबेनचं दुसरं मनगट धरलं होतं. मिनिट झालं.

"सत्त्याण्णव," रूथ म्हणाली.

डॉक्टरांचाही आकडा तोच. त्यांनी चिठ्ठी लिहिली. आजच रक्त तपासा, एक गोळी वाढवा, चार दिवसांनी दाखवा. चुकलो म्हणायला जीभ रेटली नाही. उठता उठता म्हणाले, "वही ठेवून जा. मला उपयोगी पडेल."

रूथनं वही ओढून पिशवीत कोंबली.

"तुमच्याकडं रोज पन्नास मनगटं येतात. तुमची तुम्ही लिवा."