पाठमोरी हाक

या, असे जवळ सरकून बसा. वारा आज खाडीकडून आहे, मागच्यांपर्यंत शब्द पोचायचा नाही, आणि या गोष्टीत शब्द कुठवर पोचतो यालाच सगळं मोल आहे. गोष्ट साधीच आहे. राजाची नाही, शूरवीराची नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या एल्वुड टिलेटची आहे.

एल्वुडनं जन्मभर पॅम्लिको खाडीतल्या फेरीबोटीवर काम केलं. बोट धक्क्याला लागली की दोर बांधायचा, निघाली की सोडायचा. लोक चढले, लोक उतरले; त्याच्याशी कुणी बोललं तर "पुढची बोट किती वाजता?" एवढंच. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोन माणसांचा स्वयंपाक व्हायचा. आई गेल्यावर तो हवामानाचा रेडिओ लावून ठेवू लागला. त्यातला माणूस दिवसभर एकाच सुरात वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची सांगत असतो. नोकरी संपली होती, एल्वुडला आता बोटीवर जायचं नव्हतं, वाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. पण घरात एक आवाज तर हवा ना.

चर्चच्या दारात लेटा मे स्पेन्सर त्याला एकदा म्हणाली, "एल्वुड, गुरुवारी आमच्याकडे ये. आम्ही चाचे आहोत."

लेटाबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, प्रार्थनेला पुढच्या बाकावर बसणाऱ्या. एल्वुडला वाटलं, बाईंची चेष्टा आहे. पण चेष्टा नव्हती. आमच्या गावात चाच्यांचं मंडळ आहे. तीनशे वर्षांपूर्वी या खाडीत जे समुद्री लुटारू लपून बसत, त्यांच्यासारखे कपडे हातानं शिवायचे, त्यांच्यासारखं रांधायचं, आणि वर्षातून दोनदा कटर्स पॉइंटच्या वाळूत तळ ठोकून शाळेच्या पोरांना तो काळ दाखवायचा. नुसत्या तलवारी फिरवून आरोळ्या ठोकायच्या नाहीत. हिवाळाभर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या दिवाणखान्यात मंडळ जमतं. प्रत्येकानं एक विषय धरायचा, शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. कुणी गाठी, कुणी जहाजावरच्या वैद्याची करवत, कुणी शिडाचं कापड. मंडळाचा कप्तान फुल्चर आठवडाभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करतो आणि गुरुवारी तोफेच्या दारूवर प्रवचन देतो.

एल्वुड गेला. शिकला. पण पहिल्याच तळावर पोरांसमोर उभा राहिला आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. पोरं वाट बघत राहिली. शेवटी एक पोरगी तिच्या वर्गाच्या बाईंना म्हणाली, "हा बिघडलाय का?"

फुल्चर मनानं वाईट नाही. त्यानं एल्वुडसाठी युक्ती काढली. चाच्यांच्या कायद्यात गुन्हेगाराला ओसाड बेटावर सोडून द्यायची शिक्षा होती. किनाऱ्यासमोर शिंपल्यांचं एक उघडं बेट आहे, दोन झुडपं आणि बगळे, बाकी काही नाही. सकाळी एल्वुडला होडीतून तिथे न्यायचं, पाण्याची एक बाटली आणि रिकामं पिस्तूल द्यायचं, आणि सोडून यायचं. पोरांनी दुर्बिणीतून बघायचं. दिवस मावळायच्या आधी होडी त्याला आणायला जाणार.

"बोलायचं काहीच नाही," फुल्चर म्हणाला होता. "फक्त बसायचं."

बसणं एल्वुडला जमत होतं. पुढे प्रत्येक तळावर बेट त्याचंच झालं. इतकं त्याचं की विचारायचीही गरज उरली नाही.

आता त्या मंडळाच्या जेवणाची रीत सांगते, कारण गोष्ट तिथेच येऊन थांबणार आहे. जुन्या जहाजांवर खारं मांस वाटताना भांडणं नकोत म्हणून खलाशी एक युक्ती करत. स्वयंपाकी वाटे पाडी, कुठे हाड, कुठे चरबी. एक जण पाठ फिरवून उभा राही. स्वयंपाकी एका वाट्यावर सुरी ठेवून विचारी, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस न बघता एक नाव घेई. नाव निघालं की वाटा त्याचा. मग हाड येवो की मांस. आमच्या मंडळात पाठ फिरवायचा मान लेटाबाईंचा. स्वतःचं नाव त्या घेत नाहीत, उरेल तो वाटा त्यांचा. आणि सगळ्यांनी आपापला वाटा उचलल्याशिवाय कुणी घास घेत नाही.

तर त्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. सकाळी मंडळातला रस्टी गॅरिश एल्वुडला होडीतून बेटावर नेत होता. रस्टीची दाढ सुजली होती, तरी तोंड बंद नव्हतं.

"मिस्टर एल्वुड, तुम्ही असा गुन्हा केलात तरी काय?"

"बोललो नाही," एल्वुड म्हणाला.

"मग माझी बायको तुमच्यावर खूश होईल. ती म्हणते, बेटावर टाकायचं तर मला, बडबडीबद्दल." वल्हं टेकवून त्यानं एल्वुडला हात दिला. "आलोच संध्याकाळी. बगळ्यांना माझा नमस्कार सांगा."

दिवस नेहमीसारखा गेला. वारा किनाऱ्याकडून बेटाकडे होता, त्यामुळे तळावरचा प्रत्येक शब्द एल्वुडच्या कानाशी येऊन पडत होता. तोफ उडाली, पोरं किंचाळली, फुल्चरनं तोच विनोद केला जो तो दर वेळी करतो. मग दुर्बिणीपाशी रांग लागली.

"पुतळा आहे तो."

"नाही, हलला. नाक खाजवलं."

"वारा असेल."

एल्वुडनं मुद्दाम एक हात वर केला. "बघ, हलला," असं कुणीतरी म्हणेल म्हणून थांबला. पण दुर्बीण तोवर पुढच्या पोराकडे गेली होती आणि त्याला बगळे बघायचे होते.

दुपारनंतर शाळेच्या बसगाड्या गेल्या. उन्हं उतरली. एल्वुड उठून होडी यायच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

होडी आली नाही.

घडलं होतं ते असं. रस्टीची दाढ दुपारी फारच ठणकू लागली, तो घरी गेला. होडीचं कप्तान बघेल असं त्यानं गृहीत धरलं. मंडळात नुकतंच आलेलं एक नवराबायकोचं जोडपं कामाला फार उत्साही. त्यांनी होडी धुतली, वाळूवर ओढली आणि नीट पालथी घालून ठेवली. फुल्चरनं पालथी होडी पाहिली आणि मनाशी म्हणाला, म्हणजे रस्टीनं एल्वुडला आणलं. आणि एल्वुड परत आला की करायचा काय? काही नाही. रिकाम्या पिंपाशेजारी जाऊन बसायचा. तो दिसला नाही हे कुणाला दिसावं?

बेटावरून एल्वुडला पालथी होडी दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल, हाक मारायची होती. त्यानं मारली. पण वारा समोरून होता; त्याचा आवाज त्याच्याच पाठीमागे उघड्या खाडीत जाऊन पडला. तुम्ही म्हणाल, पाणी खोल होतं का? नव्हतं. आमची खाडी उथळ. कंबरभर पाण्यातून चालत तो सहज तळावर गेला असता. त्यानं बूट काढले, पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत गेलासुद्धा.

आणि थांबला.

त्याच्या मनात आलं, मी चालत गेलो तर सगळे म्हणतील, अरे बापरे, चुकलंच, ये, बस. माफी मागतील, हसतील, अंगावर घोंगडी टाकतील. पण माझी आठवण कुणाला झाली असती की नसती, हे मला कधीच कळणार नाही.

तो मागे फिरला. शिंपल्यांवर बसून त्यानं मनाशी ठरवलं: कुणी आलं तर आलं. नाही आलं तर उजाडल्यावर चालत जायचं, हा हातानं शिवलेला कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकायचा, आणि पुन्हा गुरुवारी जायचं नाही. रेडिओ आहे घरी.

संधिप्रकाशात तळावर चूल पेटली. माणसं काळ्या आकृत्या झाली. धुराबरोबर वाटाण्याच्या घट्ट आमटीचा वास पाण्यावरून आला. मग लेटाबाईंनी देवाचे आभार मानले. त्यांची प्रार्थना छोटी असते. "जे इथे आहेत त्यांना आणि जे नाहीत त्यांना," एवढं म्हणून त्या संपवतात. मंडळानं "आमेन" म्हटलं. बेटावर एल्वुडच्या ओठांनीही म्हटलं, सवयीनं.

स्वयंपाकी ड्वेनचा भसाडा आवाज आला. "मिस लेटा, पाठ फिरवा. आणि यंदा मला चरबी देऊ नका, डॉक्टरनं सांगितलंय."

"मी कुठे बघते रे? देवाला सांग."

"हा कुणाचा?"

"कप्तान फुल्चर."

"हाड," ड्वेन म्हणाला, आणि सगळे हसले.

"हा कुणाचा?"

"रस्टी."

"तो घरी गेलाय, दाढ घेऊन."

"मग झाकून ठेव. बायको नेईल त्याची."

एल्वुड उभा राहिला होता, हे त्याला स्वतःला कळलं नव्हतं. नावं पाण्यावरून एकेक करून येत होती. नव्या जोडप्यातली बायको आली, तिचा नवरा आला. त्यांना येऊन तर सहाच महिने झालेले. शिडं शिवणाऱ्या बाईचं नाव आलं. ड्वेनचं आलं, त्याला चरबीच मिळाली, आणि पुन्हा हशा. तळावरची माणसं एल्वुडला बोटांवर मोजता येत होती, आणि बोटं संपत आली होती. एक वाटा उरेल तो लेटाबाईंचा.

त्यानं बूट चढवायला घेतले. बोटं गारठलेली, नाडी हाती लागेना.

"हा कुणाचा?" ड्वेन म्हणाला.

"एल्वुड."

तळावर कुणी हसलं नाही. चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाजसुद्धा बेटापर्यंत आला.

"एल्वुड," लेटाबाई पुन्हा म्हणाल्या, तशाच पाठमोऱ्या. "उचल बाबा तुझा वाटा. सगळे खोळंबलेत."

"मी आहे," एल्वुड म्हणाला. शाळेत हजेरी देतात तसं, हळूच. ते वाऱ्यानं मागे नेलं.

मग तळावर एकदम धावपळ उडाली. होडी सुलटी झाली. कुणी कुणाला दोष देत होतं, कुणी कंदील शोधत होतं, आणि लेटाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर: "भांडा नंतर. आधी वल्ही आणा."

फुल्चर वल्हवत आला. पुढे कंदील धरून लेटाबाई बसल्या होत्या, गुडघे दुखत असताना.

"मिस्टर एल्वुड, मला काय बोलावं ते..." फुल्चर म्हणाला. "होडी पालथी दिसली, मला वाटलं..."

"राहू दे," एल्वुड म्हणाला. "बगळे होते सोबतीला."

फुल्चरनं होडी वळवली. मग एल्वुडनंच विचारलं, आणि त्याला ते विचारायला अर्धं पाणी ओलांडावं लागलं.

"मिस लेटा, तुम्हाला ठाऊक होतं, मी तिथे नाही ते?"

"छे. मी पाठ करून उभी."

"मग?"

"अरे, मी पंगत मनात धरते. कोण कुठे बसतं ते डावीकडून उजवीकडे. टोकाला पिंप आहे, पिंपाशेजारी तू. तिथे आले की तुझं नाव येतं. ज्यांचे डोळे उघडे होते त्यांनी तू नाहीस ते पाहिलं नाही. मी न बघता तुला बसलेला पाहत होते."

एल्वुडला वाटत आलं होतं की तो कुठे बसतो हे त्या पिंपालाच ठाऊक असेल.

वाटा निवला होता. मांसाचा कडेचा तुकडा होता, आणि मंडळ अजून जेवायचं थांबलं होतं. तो पिंपाशेजारी बसला आणि त्यानं पहिला घास घेतल्यावर सगळ्यांनी घास घेतला.

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी एल्वुड उभा राहिला. जीभ अडखळली, पण मंडळ थांबलं, घाई कुणी केली नाही. तो म्हणाला, "बेटावर टाकलेल्या माणसाबद्दल आपण भूक सांगतो, तहान सांगतो. पण जहाज लगेच जात नसेल. वारा पडला असेल तर रात्रभर तिथेच नांगरून असेल. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. त्यानं आपल्याच जहाजावरचे वाटे ऐकले असतील. हा कुणाचा, हा कुणाचा. सगळी नावं ऐकली असतील. आणि त्याचं नाव कुणी मुद्दामच घेतलं नसेल." मग तो म्हणाला, "मला वाटतं, खरी शिक्षा ती असावी."

फुल्चरनं मान खाली घातली. लेटाबाईंनी डोळे पुसले. मग दिवाणखान्यातल्या खुर्च्या रचल्या गेल्या, दिवे मालवले, आणि एल्वुड आपल्या धक्क्याजवळच्या घरी गेला. कोट खुंटीवर टांगला. रेडिओ लावला. वारा ईशान्येचा होता, लाटा दोन फूट. त्या आवाजाला एल्वुडचं नाव माहीत नव्हतं. आठवड्यातला गुरुवार एकच, आणि बाकीचे दिवस घरात फार लांबतात.

देवानं आपल्याकडे पाठ फिरवलीय असं ज्याला वाटतं, त्यानं हे मनात धरावं: पाठमोरा आहे तोच नावं घेतोय. पण देवाचं काम देव करील. आपलं काम एवढंच की आज घरी जाल, ताटं मांडाल, तेव्हा वाढण्याआधी क्षणभर पंगत मनात धरा, टोकापर्यंत जा. आणि टोकाला पिंपाशेजारी एल्वुड टिलेट बसलेला आहे. त्याला विसरू नका.