आत्याचा पेला

माझ्या धाकट्या भावाने हा संगीत महोत्सव सुरू केला तो माझ्या सोफा-दुरुस्तीच्या दुकानात. आता हे कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते. भिंतींना टेकवून ठेवलेल्या फोममुळे आवाज बाहेर जात नाही, असा त्याचा शोध होता. सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र वायरींचा गुंता घेऊन हजर. ना शब्द, ना सूर, नुसतं धडधड धडधड. ऐकायला मोजकी टाळकी, आणि तीही माझ्या गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर उड्या मारणारी.

आवाज बाहेर जात नव्हता हे खरं, पण वर जात होता. वर आमची आत्या राहायची. बाबांची थोरली बहीण, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एक दिवस ती काठी टेकत खाली आली. मला वाटलं, आता वायरींसकट सगळ्यांना हाकलणार. पण भावावर तिचा फार जीव.

"हे बघ धडधड्या," ती म्हणाली, "मी टेबलावर पाण्याचा पेला ठेवीन. पाणी हललं की काठी आपटीन. काठी ऐकू आली की मुकाट्याने आवाज कमी करायचा."

"आणि नाही हललं तर?"

"तर वाजव, मेल्या."

दुकान पुरेना तेव्हा मंडळी एका बंद कारखान्याच्या आवारात गेली. भाऊ आत्यालाही घेऊन गेला. टेबल, पेला, काठी, सगळ्यासकट. तिथली जमीन मातीची, काठीचा आवाज यायचा नाही, म्हणून तिच्या पायाशी लाकडी फळी टाकली. तिने काठी आपटली की भाऊ हात जोडून आवाज उतरवायचा आणि पोरं आरोळ्या ठोकायची. पुढे पुढे तर पोरं त्यासाठीच यायची. आत्या त्या दिवसासाठी ठेवणीतली शाल काढायची. बाकी वर्षभर तिला घराबाहेर काढायचं म्हणजे नाकी नऊ.

आता महोत्सव नदीकाठच्या मैदानावर भर दुपारी सुरू होतो. मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय आत सोडत नाहीत. सोफ्यांवर उड्या मारणारे आता गुडघे धरून बसायला जागा शोधतात. त्यांची मुलं येतात, कानांवर मोठाले डबे लावून. कान झाकायचेच होते तर आलात कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. आवाजावर एक इंजिनियर बाई नजर ठेवतात. हद्द ओलांडली की त्यांचं यंत्रच आवाज खाली ओढतं.

गेल्या वर्षी पेल्यातलं पाणी हललंच नाही. आत्या संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. घरी येताना म्हणाली, "काम नाही तिथे खुर्ची अडवून बसू नये. अजून एकदा येते. तेव्हाही हललं नाही, तर पुरे झालं."

मी भावाला फोन लावला. "जरा आवाज वाढव की तिच्यासाठी."

"ताई, हद्द ठरलेली आहे. ते माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात? एवढा मोठा मालक झालास ना?"

"बघतो."

बघतो म्हणजे नाही, एवढं दुकानदारीने मला शिकवलंय. माणूस मोठा झाला की असाच होतो, असं म्हणून मी फोन आपटला आणि काय करायचं ते माझं मीच ठरवलं.

यंदा आत्याशेजारी बसले. संगीत सुरू झालं, पाणी ढिम्म. मग मी हळूच टेबलाच्या पायाला गुडघा लावला. पाणी हललं. आत्याने काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"हा तुझा गुडघा," ती म्हणाली. "गुडघ्याने पाणी कडेला कलंडतं. धडधडीने मधोमध नाचतं. इतकी वर्षं मी काय झोपा काढल्या?"

माझं तोंड एवढंसं झालं. आत्याने शाल सावरली. "ऊठ. घरी जाऊ."

तेवढ्यात संगीत थांबलं. गर्दीतून वाट काढत भाऊ येत होता, छातीशी काहीतरी कवटाळून. जवळ आल्यावर मी ओळखलं. आमचा पहिला स्पीकर! हिरव्या सोफ्याच्या उरलेल्या कापडाने मीच मढवलेला. मला वाटलं होतं, तो केव्हाच भंगारात गेला. भावाने तो टेबलाखाली ठेवला. इंजिनियर बाईंनी वायर जोडली आणि हसल्या. "हा इतका लहान आहे, की यंत्राच्या खिजगणतीतही नाही."

धडधड सुरू झाली. मी दोन पावलं मागे सरकले, उगाच संशय नको. आत्या चष्मा सावरून पेल्यावर वाकली. पाणी मधोमध नाचत होतं.

काठी फळीवर आदळली. "धडधड्या, कमी कर!"

भावाने हात जोडले आणि आवाज उतरवला. मैदानभर आरोळी उठली. कानांवर डबे लावलेली पोरंसुद्धा ओरडली.

आत्याने भावाला जवळ बोलावलं. "स्पीकर टेबलाखाली ठेवलास, ते मला दिसलं नाही असं समजू नकोस."

"दुकानात तरी कुठे लांब होता, आत्या? तुझ्या पायाखालीच तर होता."

आत्या पेल्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून खेकसली, "पुढच्या वर्षी ह्या खुर्चीला बरी गादी लाव. सोफेवाली म्हणवतेस आणि मला फळकुटावर बसवतेस!"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण आता खाली वाकून मी खुर्चीचं माप घेऊ लागले, माझे डोळे कुणाला दिसायला नकोत म्हणून.