पाठघाव ठेवायचा की काढायचा

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, देवाच्या दयेने जागा पुष्कळ आहे. आज एका मामाची आणि त्याच्या भाचीची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत राक्षस आहेत, तलवारी आहेत, एकदोघांचा तर जीवही जातो. आणि तरी कुणाला साधं खरचटलं नाही. कारण सगळं रणकंदन झालं ते शिवणकाकूंच्या कापड बेतायच्या टेबलावर, रविवारी भर दुपारी, कात्री आणि खडू बाजूला सारून.

मामाने सगळी उमर लिफ्ट दुरुस्त करण्यात घातलेली. पण रविवारचा मामा वेगळा. वीस वर्षं त्या टेबलावर तो एक खेळ चालवत होता. चौकटी आखलेला मोठा कागद, त्यावर शर्टाच्या बटणांच्या सोंगट्या, आणि वीस बाजूंचा एक फासा. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. काकू चोर, शाळेतले मास्तर वैदू. सूत्रधार सांगणार समोर काय संकट आलंय, खेळणारे सांगणार आम्ही काय करतो, आणि घाव लागला की हुकला ते फासा सांगणार.

आता सूत्रधाराची खुर्ची भाचीकडे आली होती. मामा द्वारपालाचं सोंग घेऊन खेळायला बसे. भाची इस्पितळात नर्स. पाळ्या सांभाळून तिने या खेळाचं अख्खं पुस्तक लिहून काढलं होतं, आणि सोमवारी ते छापखान्यात जायचं होतं. मामाचा आनंद काय वर्णावा! जिन्यात भेटेल त्याला अडवून सांगायचा, "आमच्या भाचीचं पुस्तक येतंय, बरं का. साठ प्रती!" दूधवाल्याला तर दोनदा सांगून झालं होतं.

आणि त्या रविवारी, बटणं मांडता मांडता, भाची म्हणाली, "मामा, रागावू नकोस. पुस्तकातून पाठघाव काढायचा विचार आहे."

मामाने हातातलं बटण खाली ठेवलं. खेळातले बाकीचे नियम इकडून तिकडून जमवलेले होते. पाठघाव तेवढा मामाचा स्वतःचा. नियम सोपा. शत्रूला खेटून उभे असाल आणि तिथून पाऊल काढलंत, तर त्याची पाळी नसतानाही त्याला तुमच्यावर एक फुकटचा घाव घालता येतो. तुम्ही हललात, तो मारणार. साठ प्रतींमध्ये मामाचं म्हणावं असं तेवढंच एक पान होतं.

"का गं? वीस वर्षं काय वाईट चाललं होतं?"

"चाललं कुठे? सगळे उभेच होते." भाचीने वही उघडली. "मागच्या बारा लढाया मी टिपून ठेवल्यात. काकूंचं बटण किती घरं हललं असेल?"

"किती?"

"तीन. चोर आहे तो, मामा! पळणं हाच त्याचा धंदा."

"पळाले की मार बसतो ना," काकू म्हणाल्या. "त्यापेक्षा मी आपली खांबासारखी उभी राहते."

"पाठ दाखवली तर मार बसणारच," मामा म्हणाला. "लढाई आहे ही, बागेतला फेरफटका नव्हे."

"मग खेळून बघू," भाची म्हणाली. "एक लढाई, पाठघावाशिवाय. पटलं नाही तर तसं सांग."

लढाई मांडली. डोंगरातली चौकी, तिला एकच दार. दारात मामाचा द्वारपाल, आत वैदू एका जखमीला टाके घालतोय, आणि बाहेरून बुटक्या राक्षसांची टोळी येतेय. काकूंचा चोर भिंतीपाशी एका राक्षसाला खेटून. त्याला धावत जाऊन खिडकी लावायची होती. काकूंनी बटणावर बोट ठेवलं, ते सरकवलं, आणि—

"पाठघाव!" सूत्रधारकीच्या जुन्या सवयीने मामा ओरडला आणि त्याने राक्षसाच्या वतीने फासा फेकलासुद्धा.

काकूंचा हात तापल्या इस्त्रीला लागल्यासारखा मागे आला.

"अहो मामा, आज नाहीये ना तो!" मास्तर हसायला लागले. काकूही हसल्या. मामा मात्र हसला नाही. तो काकूंच्या हाताकडे बघत राहिला. काकू घाबरट नव्हत्या. दुकान एकटीने चालवणारी बाई! आणि आपल्या टेबलावर ती बटण हलवायला भिते? वीस वर्षं हा हात असाच मागे जात असणार, आणि आपण फाशाकडे बघत बसलो.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. "जा, खिडकी लावा."

खिडकी लागली. मग राक्षसांची पाळी आली. भाचीने त्यांची बटणं उचलली, आणि एक, दोन, तीन, मामाच्या द्वारपालाच्या अंगावरून, त्याला साधा रामराम न करता, आत नेली.

"अगं, मी उभा आहे तिथे!"

"आहेस की. पण अडवणार कशाने? पाठघाव नाही."

"मग मी दारात कशाला आहे? पायपुसणं म्हणून?"

आत वैदूवर तिघांनी हात चालवला. मास्तरांनी आपलं बटण आडवं केलं. "मी मेलो. द्वारपालसाहेब तोवर काय हवा खात होते?"

कुणी हसलं नाही. मामाने चष्मा काढून खिशात घातला. "पुस्तक तुझं आहे, पोरी. काढायचं तर काढ. पण दार राखता येत नसेल, तर माझं सोंगही काढ. मी रविवारी दुसरं काही करेन."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने फासा खाली ठेवला नाही. एकदम तिने विचारलं, "मामा, तू लिफ्टच्या बोगद्यात उतरायचास, तेव्हा वर कोण असायचं?"

"जोडीदार. मेन स्विचपाशी."

"काय करायचा?"

"काही नाही! स्विच बंद करून त्यावर हात ठेवून उभा राहायचा. कुणी येऊन चालू करू नये म्हणून. चहासुद्धा प्यायचा नाही. अकरा वर्षं तो उभा राहिला, म्हणून मी आज..." मामा थांबला.

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आपापलं काम करत. सगळेच स्विच धरून बसले तर लिफ्ट कोण दुरुस्त—"

मामाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"तुझ्या नियमात सगळेच स्विच धरून बसलेत, मामा," भाची हळूच म्हणाली. "पाठघाव एकालाच देऊ. जो आपल्या पाळीला म्हणेल, मी मारत नाही, मी राखतोय, त्याला. हल्ला सोडायचा, दार धरायचं. मग जो शेजारून जाईल त्याला घाव."

"राक्षसांनाही तोच नियम?"

"तोच. कोण राखतोय ते मोठ्याने सांगायचं, म्हणजे काकूंना कळेल कुठून पळायचं."

बटणं पुन्हा मांडली. मामा म्हणाला, "मी राखतोय," आणि हल्ल्याचा फासा न टाकता तो स्वतःहून भाचीच्या हातात दिला. पहिला राक्षस आत शिरायला गेला. मामाचा घाव, फाशावर सतरा, राक्षस आडवा! दुसरा गेला, तोही आडवा. पलीकडे काकूंचं बटण असं भिरभिरलं, खिडकी, छप्पर, टोळीच्या नायकाची पाठ, की मास्तर उठून उभे राहिले. तिसऱ्याने आत न जाता द्वारपालालाच गाठलं. मामाचा द्वारपाल उंबऱ्यावर पडला. पण आतला टाका पुरा झाला होता, जखमी वाचला होता, आणि दार ओलांडून एकही राक्षस गेला नव्हता.

मामाने आपलं बटण स्वतः आडवं केलं आणि छाती भरून म्हणाला, "मेलो तर असं मरावं! आणि नियम लिहावा तर हिने लिहावा!" ज्या भाचीला त्याने कडेवर बसवून फासा धरायला शिकवला, तिने त्याची वीस वर्षांची चूक त्याच्यासमोर टेबलावर मांडली होती, आणि त्यातलं खरं तेवढं जपलं होतं. याहून जास्त शिकवणाऱ्याने देवाकडे काय मागावं?

भाचीने पेन काढलं. "पानाखाली तुझं नाव घालते, मामा."

हवंच होतं त्याला ते नाव. सकाळपर्यंत तर तेवढंच हवं होतं. त्याने क्षणभर विचार केला.

"माझं नको. स्विचपाशी उभा असायचा, त्याचं घाल."

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या हाती ते पुस्तक आलंच, तर राखणीच्या पानाशी घटकाभर थांबा. आणि नाही आलं, तरी आज हात जोडाल तेव्हा त्या जोडीदाराची आठवण काढा. अकरा वर्षं तो स्विचवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याच्या पाळीत काहीही घडलं नाही.