वावराचं विरजण

वामनरावांचा जिवाणूंवर कधीच विश्वास बसला नाही. पण जिवाणूंविषयी बोलायला त्यांना फार आवडायचं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आदिलाबाद जिल्ह्यात सोयाबीन नवंनवं आलं होतं तेव्हाची गोष्ट. गुडीहत्नूरच्या हमरस्त्यापासून आत, कापूस आणि ज्वारी पिकवणारं गाव. एका उन्हाळ्यात शेती खात्याचे नरसिंहलू साहेब जीपमधून उतरले, लोकांना शाळेच्या ओसरीवर बसवलं आणि काळ्या भुकटीच्या पुड्या समोर मांडल्या. साहेब तेलुगू माणूस. मराठी समजायचे, बोलायचे मात्र हिंदीत. या पुडीत जिवाणू आहेत म्हणाले. हवेत नत्र उदंड आहे, साहेब त्याला नत्रजनि म्हणत, पण झाडाला ते जसंच्या तसं घेता येत नाही. हे जिवाणू सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून राहतात, हवेतलं नत्र झाडाला देतात आणि बदल्यात झाडाची साखर खातात. पुढे पाला गळतो, तो कुजवणारे जिवाणू निराळे. कुजलेल्यातलं नत्र मुळांना घेता येईल असं करून देणारे निराळे. आणि वावरात पाणी तुंबलं की तेच नत्र पुन्हा हवेत सोडून देणारे आणखी निराळे.

"म्हंजे आननारे, रांधनारे आन उधळनारे," मागून चंपत बोलला. "घरोघरी असेच असतेत, साहेब."

सगळी ओसरी हसली. चंपत बौद्ध वस्तीतला. पूर्वी त्याचा बाप दुसऱ्याच्या वावरात राबायचा. आता वामनरावांच्या बांधाला लागून चंपतचं स्वतःचं दोन एकराचं वावर होतं. तो हजरजबाबी होता ही गोष्ट वामनरावांना नेहमीच खटकायची. गावात हशा पिकवायचा तर तो आपण, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा हक्क होता. ते उठून उभे राहिले.

"साहेब, मी सांगतो यायले. हे इरजण हाय, इरजण. माती म्हंजे दूध. चमचाभर इरजण टाकलं का साऱ्या गंजाचं दही होते. आता समजलं?"

सगळ्यांना समजलं. बायकांना तर लगेच समजलं. नरसिंहलू साहेब इतके खूष झाले की त्यांनी वामनरावांना जीपमध्ये घातलं आणि आसपासच्या गावांमधून विरजणाचं तेवढं एक वाक्य बोलायला फिरवून आणलं. साहेब प्रत्येक गावात शेवटी एक गोष्ट बजावायचे, सोयाबीनला युरिया टाकू नका, आयतं नत्र मिळालं की मूळ गाठी धरत नाही. वामनराव तेव्हा हजर असायचे, पण पुढच्या गावी दूध गाईचं म्हणावं की म्हशीचं, याचा विचार करत असायचे.

त्या साली गावात सोयाबीन पेरणारे ते एकटेच. पेरणीच्या आधी त्यांनी चारचौघांच्या देखत सगळं साहेबांनी सांगितलं तसं केलं. गुळाचं पाणी, त्यात काळी भुकटी, त्यात बियाणं, सावलीत सुकवणं. पीक उगवलं आणि पिवळट दिसू लागलं. गाठी धरून कामाला लागायला काही आठवडे जातात, तोवर रोप जरा फिकं राहणारच. ही गोष्टही साहेबांनी सांगितली होती. इकडे गावातले मोठे शेतकरी उद्धवराव यांचं कपाशीचं वावर रस्त्याच्या पलीकडे हिरवंगार उभं, आणि साहेब फोटोवाल्याला घेऊन येणार असा निरोप आलेला. वामनरावांचा धीर सुटला. एका पहाटे, गाव जागं व्हायच्या आत, त्यांनी वावरभर युरिया फेकला.

"लोकायले इरजण सांगता आन सोता युरिया टाकता?" त्यांची बायको लक्ष्मीबाई म्हणाली. रिकामी पोती झटकायला तीच सोबत होती.

"इरजण हायेच वं. हे वरून जराशी साखर."

पीक काळंभोर हिरवं झालं. साहेब आले, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. वावराच्या कडेला पाटी लागली, 'आदर्श रैतु वामनराव', म्हणजे आदर्श शेतकरी. पाटी तेलुगूत होती, म्हणजे शाळेतली पोरं सोडली तर गावात कुणालाच वाचता येत नव्हती. तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ती काय म्हणते ते ठाऊक होतं, कारण वामनराव त्याला थांबवून सांगत. त्या वर्षापासून लोक त्यांना सल्ला विचारू लागले. कुणाचं लग्न जुळत नसलं तरी विचारू लागले. आयुष्यभर ज्या मानासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता, तो मान असा एका पहाटेच्या युरियावर त्यांना मिळाला.

दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाने सोयाबीन घ्यायचं ठरवलं, पेरणी तोंडावर आली आणि पुड्या आल्याच नाहीत. घेऊन येणारी गाडी पुराच्या पाण्यात अडकली असं कुणी म्हणालं. लोक चुळबुळ करू लागले. आणि एका सकाळी चंपतची बायको पंचफुला रिकामी टोपली कमरेवर घेऊन वामनरावांच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या वावरातली टोपलीभर माती पाह्यजे होती."

"मातीचं काय करता?"

"इरजण लावतो. पुडी तं आली नाई. तुमचं मागल्या साली कसं चांगलं लागलं होतं. तुमीच सांगतलं होतं न, चमचाभर पुरते म्हून."

आता या गावात विरजणाला नाही म्हणायची पद्धत नाही. भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी वाटी घेऊन दारात आलेल्या बाईला विरजण द्यावंच लागतं. फारच नको असेल तर "आज आमचंच लागलं नाही, बाई" असं म्हणायचं असतं. समोरचीला त्याचा अर्थ बरोबर कळतो, आणि पाणवठ्यावर मग वर्षभर त्याची चर्चा होते.

वामनरावांच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख होती. आपल्या वावरात विरजण-बिरजण काही नाही, होती ती युरियाची करामत. एवढं एक वाक्य बोललं की बाई टोपली घेऊन परत जाईल. पण त्याबरोबर पाटी जाईल, सल्ले जातील आणि चंपतला जन्मभर पुरेल एवढं हसू सापडेल.

"न्या ना," ते म्हणाले. "माती आपल्या सर्वायचीच हाय."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी टोपल्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी उद्धवराव बंडी जुंपून आले. मोठ्या वावराला मोठं विरजण लागणार, हे त्यांचं म्हणणं हिशेबाला धरूनच होतं. लोक वरवरची माती खरडून नेत, कारण साय वर असते हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. नाल्याकडच्या बाजूला, जिथे वामनरावांच्या आजोबांनी गाळ आणून आणून वावर भरलं होतं, तिथे आता खालचा चुनखडीचा पांढरा मुरूम दिसू लागला. बांधावर उभं राहून वामनराव प्रत्येक बंडीला हात जोडत होते आणि मनातल्या मनात टोपल्या मोजत होते.

"सांगून टाका न खरं," लक्ष्मीबाई रात्रीच्या भाकरी वाढताना म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वावर चाललं आपलं टोपल्या टोपल्यानं."

"एवढ्या बारीनं जाऊ दे. पुढच्या साली पुड्या येतीन."

त्यांनी राहिलेल्या मातीत सोयाबीन पेरलं. माती पातळ झालेली, म्हणून यंदा युरिया आधीपेक्षा जास्त टाकला. पीक माजलं. कमरेपर्यंत वाढलं आणि पहिल्याच वाऱ्यात आडवं झालं. पाला एवढा की आत माणूस लपावा, आणि शेंगा शोधाव्या लागत होत्या. बाकीच्या गावाने मात्र विरजणावर भरवसा ठेवला आणि युरियाच्या पोत्याला हात लावला नाही. साहेबांचं सांगणं गावोगाव पोचवणारा एक माणूस सोडून सारा गाव साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वागला, आणि तो एक माणूस म्हणजे आदर्श रैतु.

भादव्यात नरसिंहलू साहेब पीक दाखवायला शेजारच्या गावची माणसं घेऊन आले. जीपमागून ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली होती. सगळा घोळका आधी अर्थातच पाटीपाशी थांबला. साहेबांनी लवून एक रोप मुळासकट उपटलं, माती झटकली आणि मूळ वर धरलं. मूळ स्वच्छ होतं. एकही गाठ नव्हती. त्यांनी दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. पाहुण्या गावातली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

साहेब बांध ओलांडून चंपतच्या वावरात गेले आणि तिथलं एक रोप उपटलं. मुळांना ज्वारीच्या दाण्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. त्यांनी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी निघाली, म्हणजे जिवंत, कामावर हजर.

"यह कैसे हुआ? पुडी तो किसी को मिली नहीं."

वामनरावांनाही हाच प्रश्न पडला होता. म्हणजे मागल्या वर्षी गुळाच्या पाण्यात कालवलेले ते जिवाणू खरेच होते. आपण ज्यांच्यावर एवढी भाषणं ठोकली, ते आपल्याच मातीत राहायला आले होते. आयता युरिया मिळाल्यावर त्यांची कुणाला गरज राहिली नाही, आणि टोपल्यांमधून दुसऱ्याच्या वावरात गेल्यावर ते इमानाने कामाला लागले. त्यांना भयंकर वाईट वाटलं. माणसांपुढे लाज वाटावी तशी त्यांना त्या न दिसणाऱ्या जिवांपुढे लाज वाटली.

चंपत पुढे झाला आणि त्याने साहेबांच्या हातातलं रोप घेतलं. वामनरावांनी डोळे मिटून घेतले. आता हा बोलणार आणि लोक हसणार.

"साहेब, यायच्या वावरात कुठून राहीन?" चंपत म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "यायनं आपलं सारं इरजण गावाले वाटून देल्लं. सोतासाठी गंजात ठेवलंच नाई. मुरूम उघडा पडला तरी हा मानूस कोनाले नाई म्हनला नाई."

उद्धवरावांनी मान डोलावली. पंचफुलेने पदराने डोळे पुसले. नरसिंहलू साहेबांनी वामनरावांना मिठीच मारली. मग ते पाहुण्या गावाकडे वळून मोठ्याने बोलू लागले. पुढच्या वर्षी पुड्या आल्या तर आल्या, नाहीतर इथे विरजणाचं आगर आहे. आणि पुढच्या वर्षाची वाट कशाला बघायची, ट्रॉली इथे उभीच आहे. पाहुणे जीपच्या दोन-तीन खेपांमधून जातील, ट्रॉलीत माती भरून द्या. वावराचा जो तुकडा अजून खरडलेला नव्हता, त्याच्याकडे त्यांनी हात केला.

वामनरावांनी लक्ष्मीबाईकडे पाहिलं. ती त्या तुकड्याकडे बघत होती. तेवढाच काळा राहिला होता, पोटापुरता. तेव्हा त्यांच्यातला मानाचा भुकेला माणूस एकदाचा खाली बसला आणि शेतकरी उभा राहिला.

"साहेब, थांबा," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मी दोन्ही साली युरिया टाकला, पहाटे, कोनाले न सांगता. मागल्या सालचं पीक युरियाचं होतं. माह्या वावरात इरजण नाई. लागलंच नाई माह्यं इरजण."

बोलून झालं आणि त्यांना हलकं वाटलं. ते हशाची वाट बघू लागले. हसलं कुणीच नाही. साहेब तेवढे हसले आणि थोर माणसं अशीच असतात, आपलं दान कबूल करत नाहीत, असं पाहुण्यांना सांगू लागले. पण गावकऱ्यांचे चेहरे हळूहळू उतरत गेले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. ते दारात रिकामी वाटी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला सांगायचं वाक्य होतं. ज्यांच्या मुळांना गाठी लगडल्या होत्या, त्यांना वामनराव सांगत होते की विरजण लागलंच नव्हतं.

"वामनराव," उद्धवराव खालच्या आवाजात म्हणाले, "पाव्हन्यायले द्याचं नसन तं सरळ नाई म्हना. गावाची लाज काऊन घेऊन राह्यले?"

चंपतने हातातलं रोप बांधावर ठेवलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वामनरावांची बाजू घेतली होती.

लक्ष्मीबाई "खरं बोलून राह्यले हो ते" असं दोनदा म्हणाली, पण नवऱ्याचं वावर वाचवायला बायको बोलणारच, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद करून काय करायचं ते विचारलं. तेव्हा वामनराव वाकले, धोतर खोचलं, कुणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि त्या काळ्या तुकड्याच्या मधोमध जाऊन पहिलं घमेलं स्वतःच्या हाताने भरलं.

"घ्या," ते पाहुण्यांना म्हणाले, "वरवरची न्या. साय वरच असते."

गावकऱ्यांचे चेहरे पुन्हा खुलले. दोघातिघांनी ट्रॉलीचा फाळका पाडला, चंपतने वळून दुसरं घमेलं उचललं, आणि माती भरणं अंधार पडेपर्यंत चाललं.